तापातली गिरणी

ताप चढला की मावशी गिरणीत जाऊन यायची.

खरी सूतगिरणी केव्हाच बंद पडली होती. पण तापात तिथली सूत कातणारी चाती पुन्हा फिरायला लागत, छतापासून कापसाचे तंतू सावकाश खाली उतरत, आणि त्या पांढऱ्या हवेत मावशीची धाकटी बहीण तुटलेला धागा जोडत उभी असे. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची मुलगी मावशीकडेच वाढली आणि आता इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती.

गिरणीच्या धुळीने मावशीची छाती कायमची धरली होती. दोन औषधं एकत्र असलेला पंप ओढायला लागल्यापासून ती पुन्हा जिना चढू लागली. पण तेव्हापासून न्यूमोनियाही हक्काच्या पाहुण्यासारखा येऊ लागला.

या खेपेला तिच्या बेडक्याचा नमुना भाचीच्याच टेबलावर आला. दुसऱ्या दिवशी भाचीने काचेची ताटली उजेडात धरली. जंतू वाढवायच्या चॉकलेटी थरावर त्यांचे करडे, ओलसर ठिपके दाटले होते, गवतावर दव पडावं तसे. इतके देखणे, की तिला रडूच फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "तुमच्या पंपातलं एक औषध श्वासनळ्या उघडतं. दुसरं स्टेरॉइड आहे. ते सूज उतरवतं, पण काहींच्या छातीत जंतूंना त्याने रान मोकळं मिळतं. तुमच्या रक्ताची तपासणी बघता स्टेरॉइडचा तुम्हाला फारसा फायदा दिसत नाही. ते काढू आणि श्वासनळ्या उघडणारी दोन औषधं असलेला नवा पंप देऊ."

"म्हणजे कुंपणच शेत खात होतं म्हणा!" मावशी म्हणाली.

"सगळ्यांचं नाही. कित्येकांना ते कुंपण लागतंच. म्हणून तर मनाने काही बंद करायचं नाही, मी सांगेन तसंच."

मावशीने मान डोलावली. घरी येऊन मात्र नवा पंप कपाटात गेला. भाचीला तो साड्यांखाली सापडला.

"अजून जुनाच ओढतेस?"

मावशीने साड्या पुन्हा नीट रचल्या. मग हळूच म्हणाली, "ताप थांबला तर तुझी आई भेटायची नाही गं."

भाची तिच्याजवळ बसली. "मला ती स्वप्नातसुद्धा भेटत नाही. तू तिकडे जातेस, आणि मी इथे तुझ्या कपाळावर पट्ट्या बदलत बसते. एखाद्या वेळी तूही तिकडेच राहिलीस, तर मी कुणाकडे बघायचं?"

मावशीने तिचा हात घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवा पंप उघडला.

सुरुवातीला छाती आवळल्यासारखी वाटे. मग हळूहळू श्वास सरावला. हिवाळा तापाशिवाय गेला, आणि झोपेत गिरणी काही आली नाही.

म्हणून मावशी जागेपणीच सांगायला लागली. यंत्रांच्या गोंगाटात दोघी बहिणी हातांनीच बोलायच्या. ती सगळी बोली तिने भाचीला शिकवली: पाणी, भूक, मुकादम आला, पोटात दुखेपर्यंत हसू.

आता भाची कामावरून परतते तेव्हा मावशी वरच्या खिडकीत असते. हाक मारून श्वास दवडत नाही. बोटं हलवून विचारते, 'दमलीस?' भाची रस्त्याच्या मधोमध थांबते, दोन्ही हात उचलते आणि आईच्या बोलीत उत्तर देते.