राजानं कोठारं का जाळली?

आमच्या इतिहासाच्या सरांची एक पद्धत आहे. आपण मुद्दा फळ्यावर लिहायचा, सर डस्टर घेऊन शेजारी उभे राहणार आणि पुरावा लंगडा पडला की पुसून टाकणार. त्या दिवशी विषय होता दोन हजार वर्षांपूर्वी एका राजानं मोडलेलं खाणमजुरांचं बंड, आणि ज्याचा मुद्दा टिकेल त्याचाच निबंध आंतरशालेय स्पर्धेला जाणार होता. माझ्या आधीच्या सगळ्यांचा धुव्वा उडालेला.

मी ठसठशीत लिहिलं : 'खाणमजुरांचं बंड तलवारीवर नाही, गावकऱ्यांच्या धान्यावर चाललं होतं.'

"आलं मामाचं शास्त्र!" मागून मैत्रीण ओरडली. माझा मामा सैन्यात होता, बंडखोरांच्या मागावर. तिथं जवानांना पहिल्याच दिवशी शिकवायचे, बंडखोर शोधत बसू नका, त्यांना जेवू कोण घालतं ते शोधा. त्याच्या त्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांचा मी सुट्टीत फडशा पाडला होता.

"बाईसाहेब," सर म्हणाले, "हे आजचे सिद्धांत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवर का लादता?"

"लादत नाही सर, फक्त प्रश्न उसना घेतलाय. उत्तर राजाच्याच शिलालेखात आहे. खाणींच्या खोऱ्यातली गावकऱ्यांची कोठारं जाळली म्हणून फुशारकी मारलीय त्यानं."

"सगळेच राजे जाळायचे." डस्टर वर गेलं. पण गप्प बसेन ती मी कसली!

"हा नाही जाळायचा! याच्या दुसऱ्या दोन स्वाऱ्यांचे लेख बघा. दोन्हीकडे धान्य लुटून सैन्याला वाटलंय. मग इथेच हातातलं का जाळलं?"

"न्यायला गाड्या नसतील."

"परतताना गाड्या भरभरून तांबं आणलंय, सर. त्याच लेखात. धान्य बंडखोरांच्या तोंडी पडू नये, एवढंच त्याला हवं होतं."

सरांनी डस्टर खाली केलं, पण सोडलं नाही. "बरं. गावकरी ते धान्य खुशीनं द्यायचे की भीतीनं?"

थाप मारायचा मोह झाला. खुशीनं म्हटलं असतं तर निबंध काय झकास दिसला असता!

"माहीत नाही, सर. धान्य जात होतं एवढंच कळतं. मामा म्हणतो, गावकऱ्यांना समोर बसवून विचारलं तरी सैन्यालाही कधी नक्की कळायचं नाही."

सर पहिल्यांदाच हसले. "हे स्पर्धेत सुरुवातीलाच सांग. परीक्षक विचारायच्या आत."




मी बाकाकडे गेले ती जवळजवळ उड्या मारतच.