वानेऱ्याचं तोंड

"मॅडम, ह्या बैलाचं तोंड काळं कशानं झालं?"

रविकांत सरांनी तो मातीचा बैल शेपटीला धरून उचलला होता. मी घाईनं म्हटलं, "सर, खालून धरा. शेपटी अजून कच्ची आहे." त्यांनी तो टेबलावर आदळल्यासारखा ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली. सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. अहमदपुरातल्या खासगी शाळेत मुख्याध्यापकांचे हात मळलेले चालत नाहीत, हात मळवायला मला ठेवलंय. मी दीपमाला, पहिली ते चौथीची कार्यानुभवाची बाई. घोटीव कागद, कापूस, माती, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या, हा माझा अभ्यासक्रम. बारा वर्षं झाली. दर जूनला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते आणि दर मे महिन्यात मी ह्या शाळेची कुणीच नसते.

"काळं झालं नाही सर. काळंच असतं. वानेरा आहे तो."

"काय आहे?"

"वानेरा. देवणी जातीतला. सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे डाग तो शेवरा आणि अंग पांढरं, गाल काळे तो वानेरा. आमच्या माहेरी वडलांकडं…"

"मॅडम, तुमचं माहेर परीक्षकाला माहीत नाही ना." सर हसले. आपल्याच बोलण्यावर हसायची त्यांना लई हौस. "उद्या पोळा. आज लातूरला हस्तकलेची स्पर्धा. अन् आपण काळ्या तोंडाचा बैल घेऊन जायचं? लोक म्हणतील शाळेनं तोंड काळं केलं. पांढरं करून टाका. अन् खांद्यावर हे पिवळं काय फासलंय?"

पिवळं म्हणजे हळद होती. त्या हळदीचं सांगायचं तर राजकन्येपासून सांगावं लागेल.

राजकन्या चौथीत. बाप व्यंकट मोंढ्यात हमाली करतो, आई सकाळीच कामाला जाते, पोरगी आजा-आजीच्या हाताखाली वाढलेली. आठ दिवस आधी मी तळ्यावरून गाळाची माती आणली, चाळली, कापूस घालून मळली आणि चौथीच्या वर्गाला सांगितलं, बैल करा. मग काय, कुणाचा कुत्रा झाला, कुणाचा बेडूक. एकाच्या बैलाला पाच पाय होते. विचारलं तर म्हणतो, "एक पाय जादा ठिवलाय बाई, मोडला तर असावा." मी पोट धरून हसले. असल्या हसण्यावरच बारा वर्षं काढलीत, दुसरं काय मिळालं ह्या नोकरीत!

राजकन्येचा बैल मात्र बैल होता. वशिंड डावीकडं जरा कललेलं, गळ्याखालची पोळी लोंबलेली, पुढचा पाय उचलू की नको अशा बेतात. मी बघतच राहिले. अशी बोटं मला कुणी दिली असती तर मी बी.एड.च्या नादी लागलेच नसते. अंगाला पांढरा रंग देऊन झाल्यावर तिनं कागदाची पुडी सोडली. आत तव्याखालची काजळी.

"काय करलालीस गं?"

"गाल करलालेव बाई. आमच्या आबाच्या बैलाचे गाल असेच हुते. तीन वर्षाखाली इकला. आता घरात बैलच न्हाई. औंदा ह्याचाच पोळा करायचा."

काजळी डिंकात कालवून तिनं दोन्ही गाल रंगवले. डोळ्याखालून जबड्यापर्यंत, नेमके. एक ठिपका खाली-वर नाही.

आणि आज सकाळी प्रार्थनेआधी ती माझ्या खोलीत आली. हातात तूप-हळदीची वाटी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. खरं तर हे संध्याकाळी करायचं असतं. पण बैल लातूरला जाणार म्हणून तिनं सकाळीच उरकलं. दोन बोटांनी त्या वीतभर बैलाचे खांदे चोळले, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग माझ्याकडं वळली. "बाई, उद्या दुपारपतोर आणा हं. आजी पोळ्या करणार हाय."

"आणते की."

"नक्की?"

"अगं, आवतण दिलेला बैल कुणी ठेवून घेतं का?" मी म्हटलं. हे मी माझ्या तोंडानं म्हटलं.

आणि आता सर म्हणत होते, पांढरं करा.

"सर, मग दुसरा एखादा नेऊ या," मी म्हटलं. "हा तिला घरी पूजेला पाहिजे. रंग बदलला तर तिला…"

"दुसरे बघितले मी. पाच पायांचा नेऊ?" सर घड्याळाकडं बघत म्हणाले. "हे बघा, पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक आहे. लातूरला नंबर आला तर तुमच्या कायमचं मी स्वतः बोलतो. तुमच्यासाठीच सांगतोय मी. नसेल करायचं तर तसं सांगा, आमची काही जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नाही म्हणे! बारा वर्षं जी बाई 'कायम' हा शब्द ऐकायला कान टवकारून बसलीय, तिला जबरदस्ती करावीच लागत नाही. नुसता शब्द टाकायचा.

मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. ओल्या फडक्यानं खांदे पुसले. तुपातली हळद, ती सहजी निघते होय? शेवटी नखानं खरवडली. गालावर पांढरा हात मारला तर काजळी वर येऊन तोंड राखाडी झालं, आजारी जनावरागत. मग माझी नेहमीची युक्ती केली. रंगात थोडं फेविकॉल घातलं की खालचा रंग वर येत नाही आणि वरचा पोपडा धरत नाही. दुसरा हात, तिसरा हात. तिसऱ्या हाताला गाल गेले. पांढराफेक बैल झाला, मिठाईच्या दुकानातल्यासारखा. तो वर्गात कोणाचाही असू शकला असता. मी देवणीच्या शिवारात वाढलेली पोरगी. वानेरा दारात बांधलेला असला की माझे वडील पाव्हण्यांना आधी गोठा दाखवायचे, मग घर. आणि मी कुणाला न सांगता, दार लोटून घेऊन, एका वानेऱ्याचं तोंड पुसत बसले होते. काळं त्याचं नव्हतंच, माझं झालं.

राजकन्या दुसऱ्या तासाला वर्गात होती. मी चपलांच्या खोक्यात कापूस घालून बैल ठेवला आणि मागच्या फाटकातून स्टँडवर गेले. मागच्या फाटकातून का गेले, ते विचारू नका.

लातूरला हॉलमध्ये नुसती झगमग. पहिला नंबर आला थर्माकोलच्या किल्ल्याचा. किल्ल्यात दिवे लागत होते. ज्या पोरानं तो 'स्वतःच्या हातानं' केला होता त्याला बटण कुठंय ते सापडेना, शेवटी वडलांनी येऊन लावलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक आमच्या टेबलाशी आले. बैल हातात घेऊन फिरवून बघितला.

"छान आहे. फिनिशिंग चांगलं आहे. बाजारातून तर आणला नाही ना?"

"नाही हो साहेब, मुलीनं केलाय."

"असं वाटत नाही म्हणून विचारलं," ते म्हणाले आणि पुढं गेले.

उत्तेजनार्थ मिळालं. शेवटून दुसरं नाव. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव होतं आणि 'मार्गदर्शक' म्हणून रविकांत सरांचं. मी ते घडी न पाडता पर्समध्ये ठेवलं, सरांना घडी चालत नाही.

परत येताना बसमध्ये खोकं मांडीवर होतं. सरळ घरी जावं आणि रात्रीतून काजळी लावून टाकावी, असंही मनात आलं. मग वाटलं, पोरीला काय कळतंय, पोळ्या खाण्यात विसरून जाईल. स्वतःला फसवायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी. बाराच्या सुमाराला मोंढ्यामागच्या गल्लीत त्यांच्या दारात गेले. उंबऱ्याआत पाट मांडलेला, त्याभोवती रांगोळी, समोर ताटात पुरणपोळी. राजकन्या केस विंचरून, नवा फ्रॉक घालून दारातच उभी होती. हातात लाल चमकीच्या कापडाची एवढीशी झूल. माझ्याच वर्गात उरलेला तुकडा, पण कडेला टिकल्या तिनं स्वतः शिवलेल्या.

"आला!" ती ओरडली. "आबा, आपला बैल आला!"

तिनं खोकं घेतलं. झाकण काढलं. कापूस बाजूला केला.

"ह्यो न्हाई."

"तोच आहे गं. वशिंड बघ की, तूच केलंयस."

"आमच्याला गाल हुते."

मी खोटं बोलले. आता लपवून काय करू? "अगं, लातूरला तिथल्या साहेबांनी सांगितलं पांढरा पाहिजे म्हणून. तिथंच रंगवला त्यांनी."

राजकन्येनं बैल नाकाशी नेला. हुंगला. वर्गात उत्तर द्यावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "ह्यात फेविकॉल हाय बाई. रंगात फेविकॉल तुमीच घालता. पोपडा धरू नये मनून."

शिकवलं होतं मी. सगळ्या वर्गाला शिकवलं होतं, पण ध्यानात एकटीनं ठेवलं.

तिचा आजा शेषेराव खाटेवरून उठून आला. उंच म्हातारा, धोतर नेसलेला, डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण त्यानं बैल हातात घेऊन अंगठ्यानं चाचपला. वशिंड, मग खांदा. खांद्यावर अंगठा थांबला.

"खांदेबी पुसले व्हय?"

"हो आबा," मी म्हटलं. "मीच पुसले. गालही मीच रंगवले. सरांनी सांगितलं आणि मी ऐकलं."

"हां." म्हाताऱ्यानं अंगठा खांद्यावरून उचलला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. बोलावं, दोन शिव्या हासडाव्यात, माझा जीव हलका होईल. पण तो म्हणाला, "पोटासाठी माणसाला ऐकावं लागतंय. मी तर जिता इकला." मग बायकोला हाक मारली. "अगं, जितराब दारात आलंय. सणासुदीचं उपाशी लावू नये. ठिव पाटावर."

आजीनं, कस्तुराबाईनं, बैल पाटावर ठेवला, कुंकू लावलं, निवद दाखवला. मग नातीकडं हात केला. "झूल आण की गं."

"ती ह्याची न्हाई," राजकन्या म्हणाली. झूल तिनं मुठीत घट्ट धरली आणि आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

"लेकरू हाय बाई, मनावर घिऊ नका," कस्तुराबाई म्हणाली आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. "दोन घास खाऊन जावा. सणाचं तसंच जाऊ नये."

मी खाल्लं. तूप लावलेली पोळी, कटाची आमटी, भजी. प्रत्येक घास पाण्यानं ढकलला. म्हातारी बाजूला बसून आग्रह करत होती आणि मी नको-नको म्हणत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मान आहे ह्या बाईला!

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. सरांनी मला ऑफिसात बोलावलं. प्रमाणपत्र तोवर चौकटीत जाऊन भिंतीवर लागलं होतं. "मॅडम, उत्तेजनार्थ म्हणजे काय नंबर नसतो ना," ते म्हणाले. "बोलायला तोंड तरी पाहिजे. पुढच्या वर्षी बघू." मी "बरं सर" म्हटलं. बारा वर्षांत हे दोन शब्द मी एवढ्यांदा म्हटलेत की झोपेतही बिनचूक येतील.

ऑफिसातून निघून चौथीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी पुठ्ठ्याची फुलपाखरं होती. रंगांच्या वाट्या मांडलेल्या, पोरांचा नुसता गिल्ला. कुणी कुणाच्या नाकाला निळा रंग लावलेला, कुणाचं फुलपाखरू पालथं पडून बाकाला चिकटलेलं. राजकन्या पोळ्यानंतर रोज शाळेत येत होती. माझ्याशी नीट बोलायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. रुसली असती तर मी समजूत घातली असती. तेवढीही जागा तिनं ठेवली नव्हती.

तास अर्धा झाला तेव्हा ती टेबलाशी आली आणि आपलं फुलपाखरू माझ्यापुढं ठेवलं. काय कापलं होतं! पंखांची कड एकसारखी, मिशा केसासारख्या बारीक. पण सगळं कोरं.

"हे काय? रंग दे की," मी म्हटलं.

"तुमीच द्या बाई."

"अगं, तुझं आहे ना ते?"

"मी दिला तरी मागून तुमी बदलणार. मग आदीच द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. डोळ्यांत पाणी तर मुळीच नव्हतं. तिनं ब्रश उचलून माझ्यापुढं केला. मागं चार-पाच पोरं आपापली फुलपाखरं घेऊन ओळीत उभी होती, ढकलाढकली चालली होती. मी ब्रश घेतला.

"कोणता रंग देऊ?" मी विचारलं.

"कोणताबी द्या," राजकन्या म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.