पौर्णिमेचं लाकूड

वादळाने विंडवर्ड गावाभोवतालचे सगळे पांढरे सीडर वृक्ष आडवे केले, एक सोडून. तो उभा होता होड्या बांधणाऱ्या ऑस्बर्टच्या बापाच्या थडग्यापाशी, कमरेएवढ्या उंचीवर पुढे झुकलेला. रोपटं असताना बापानेच दोरीला दगड बांधून त्याला वाकवलं होतं, पुढेमागे एखाद्या होडीची नाळ, म्हणजे नाकाडाचं बाकदार लाकूड, व्हावी म्हणून.

आता नेमकी नाळच हवी होती. ऑस्बर्टच्या अर्धवट होडीचा कणा आणि फासळ्या खारफुटीच्या चिखलात पुरलेल्या होत्या म्हणून वाचल्या. नाळेसाठी तासून ठेवलेला ओंडका मात्र समुद्राने ओढून नेला. गावात एकही होडी शाबूत नव्हती. दीड महिना लोक मदतीच्या जहाजाने आणलेल्या तांदळावर जगत होते, आणि गेल्या आठवड्यात जहाज आलंच नाही. येता-जाता सगळे ऑस्बर्टच्या होडीच्या सांगाड्याकडे बघत. विचारत कुणी नसे. तेच त्याला सोसत नव्हतं.

अमावस्या दोन दिवसांवर होती. उतरत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाला समुद्रातला किडा लागत नाही, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक. सकाळी कुऱ्हाड आणि रमची शेवटची बाटली घेऊन तो थडग्यापाशी गेला. त्याची थोरली बहीण वर्लिन झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती.

"ऊठ, वर्ल."

"खुर्ची माझी आहे. तू बोल."

त्याने सांगायचं ते सांगितलं. तिने नुसतं वर बोट केलं. फांद्यांना हिरव्या शेंगा लोंबत होत्या. बी धरायला अजून तीन महिने. हे झाड पाडलं तर या किनाऱ्यावर पुन्हा कुणाला होडी बांधता येणार नाही, असं तिचं म्हणणं.

"आणि तीन महिने लोकांनी काय खायचं? तुझ्या शेंगा?"

"रानात वाकडे ओंडके पडलेत की."

"वादळ पौर्णिमेला आलं. ते लाकूड रसाने भरलंय. पाच वर्षांत पोखरून जाईल. मी असली होडी कधी बांधली नाही."

"बापानेही बांधली नसती. पण बापाकडे रान होतं."

त्याने मुळाशी बापाच्या वाट्याची रम ओतली, सगळी बाटली, आणि कुऱ्हाड उचलली. वर्लिन हलली नाही. पहिल्या घावाची पांढरी ढलपी तिच्या मांडीवर पडली. तिने ती उचलून झग्याला पुसली आणि मुठीत धरली. दुसरा घाव त्याच्या हातून पडला नाही.

तो रानात गेला. पडलेल्यांतला एक वाकडा ओंडका निवडून तीन दिवस वाकसाने तासत राहिला. लाकूड ओलं होतं, हात चिकट होत होते.

नाळ उभी करताना तिच्यावर कोंबड्याचं रक्त आणि रम शिंपडायची रीत. कोंबडे वादळात गेले होते, रम झाडाला दिली होती. त्याने ओंजळभर समुद्राचं पाणी शिंपडलं. आजवर प्रत्येक नाळेच्या आतल्या अंगाला तो आपलं नाव कोरत आला होता. यावेळी त्याने पटाशीने गोल, भरलेला चंद्र कोरला, पाच वर्षांनंतर कुणी या होडीवर भरवसा ठेवू नये म्हणून.

"नाव नाही घातलंस?" वर्लिनने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पहिल्या फळीला हात घातला.