सफरचंद संपेपर्यंत कुणी उठायचं नाही

दुपारची घंटा झाली की केझिया बार्टलेटच्या खानावळीत एकच धांदल उडायची. नदीकाठच्या कापडमिलमधून तीस मुली धापा टाकत यायच्या आणि हातसुद्धा न धुता बाकावर बसायच्या. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली सोळा मिनिटं जाण्यायेण्यातच संपायची, उरायची चौदा. पण केझिया काही कच्च्या गुरूची चेली नव्हती! मांस आधीच बारीक चिरलेलं, बटाटे सोललेले, आणि कॉफी मुद्दाम कोमट, म्हणजे फुंकर मारण्यात कुणाचा वेळ जायला नको.

"आटपा गं पटापट! बोलायला रात्र पडलीय," ती पुडिंगचं भांडं घेऊन ओरडायची.

"मावशी, घास तरी चावू दे!" कुणीतरी म्हणायची.

"चावायचं काय त्यात? मी सगळं चिरूनच दिलंय."

मुली हसायच्या, ठसका लागायचा, आणि दुसरी घंटा व्हायच्या आत बाकं रिकामी झालेली असायची. केझियाच्या घरची एकही मुलगी कधी उशिरा पोचली नाही, असं मिलचे व्यवस्थापक थर्लोसाहेब चारचौघांत सांगायचे. विधवा बाईला दुसरं काय हवं? घर मिलचं होतं, पण मान तिचा स्वतःचा होता.

त्या फेब्रुवारीत मात्र थर्लोसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले ते कौतुक करायला नव्हे.

"बाई, दहा तासांच्या दिवसासाठी बॉस्टनच्या विधिमंडळाकडे अर्ज जाणार आहे म्हणे. तेरा तास काम जड होतंय यांना! तो कागद तुमच्याच घरातून फिरतोय. कोण फिरवतं, ते उद्या दुपारी मी विचारायला येईन."

"आणि मला ठाऊक नसलं तर?"

"तर वसंतात हे घर दुसऱ्या बाईला द्यावं लागेल. आणि कागद फिरवणारी सापडली की तिला आम्ही कामाचा दाखला देणार नाही. या नदीवरची एकही मिल मग तिला दारात उभी करणार नाही."

केझियाला ते चांगलंच ठाऊक होतं. कागद तिच्याच पिठाच्या पिंपामागे होता, आणि तो तिथे ठेवणारी होती लोइस.

लोइस आणि ती एकाच डोंगरगावच्या. वीस वर्षांपूर्वी एकाच घोडागाडीतून, एकाच पेटीत दोघींचे कपडे कोंबून, त्या या गावात आल्या होत्या. केझियाचं लग्न झालं, नवरा गेला, मग ही खानावळ मिळाली. लोइस मागांवरच राहिली. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते आणि छातीत कापसाची कुसं बसली होती.

संध्याकाळी लोइस आली तशी केझिया तिच्यावर तुटून पडली. "तुला माझंच पीठ सापडलं होय गं कागद लपवायला? माझ्या डोक्यावरचं छप्पर जाईल, कळतंय का?"

"कळतंय. माझं नाव सांगून टाक मग."

"वेडी आहेस का! खाशील काय?"

लोइस चुलीजवळ बसली, जरा खोकली. "केझी, तुझे बाबा आठवतात गं मला. मी तुमच्याकडे जेवायला आले की जेवण झाल्यावर ते सफरचंद सोलायचे. अख्खी साल एका फितीत, अजिबात न तोडता. आणि काय म्हणायचे?"

"सफरचंद संपेपर्यंत कुणी उठायचं नाही," केझिया पुटपुटली. तिला ते जेवणाचं टेबल दिसलं, खिडकीतलं ऊन दिसलं, फीत कधी तुटते म्हणून डोळे लावून बसलेली भावंडं दिसली. गवत कापणीच्या ऐन गडबडीतही बाबांनी ती दहा मिनिटं कधी सोडली नव्हती!

"किती वर्षं झाली तुला असं सफरचंद खाऊन?"

"मला कुठला वेळ?"

"तुला नाही, आम्हाला नाही. राग मानू नकोस, पण तू आम्हाला चौदा मिनिटांत जेवू घालतेस ना, म्हणूनच त्यांना अर्धा तास पुरेसा वाटतो. तुला वाटतं तू आमची सोय करतेस. अगं, सोय त्यांची होते!"

केझियाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पंधरा वर्षं जिचा अभिमान बाळगला, ती हुशारी नेमकी कुणाच्या कामी आली होती?

दुसऱ्या दिवशी मुली धावत आल्या आणि थबकल्या. मांस अख्खंच होतं. कॉफीतून वाफा निघत होत्या. मधोमध तळघरातल्या सफरचंदांची टोपली होती, आणि टेबलाच्या टोकाला, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, केझिया स्वतः बसली होती.

"मावशी, बरं नाही का तुला?"

"उत्तम आहे मी. सावकाश जेवा."

थर्लोसाहेब आले तेव्हा ती सफरचंद सोलत होती. तेवढ्यात मिलची परत निघायची घंटा झाली. तीसही जणी सवयीने अर्धवट उठल्या.

"ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जा," केझिया म्हणाली. "पण या घरात आजपासून सफरचंद संपेपर्यंत कुणी उठायचं नाही!"

सहाजणी पळाल्या. त्यांच्या पैशांवर गावाकडची घरं चालत होती, त्यांना कुणीच बोल लावला नाही. बाकीच्या चोवीसजणी पुन्हा खाली बसल्या.

"बाई, नाव सांगा," थर्लोसाहेब लाल होऊन म्हणाले.

केझियाने शेजारी ठेवलेला अर्जाचा कागद पुढे सरकवला. त्यावर पिठाच्या हातांचे पांढरे ठसे होते. "हे घ्या नाव! केझिया बार्टलेट. सकाळीच सही केलीय. हा कागद माझ्या घरात असतो, तेव्हा तो माझाच."

लोइसने काही बोलायला तोंड उघडलं. केझियाने अर्धं सफरचंद तिच्या हातात कोंबलं. "तू खा गं. मध्ये बोलू नकोस."

चोवीस माग एकदम बंद ठेवणं मिलला परवडणारं नव्हतं, म्हणून मुलींवर नुसती ओरड झाली. केझियाचं घर मात्र वसंतात गेलं. ती आपल्या डोंगरगावी, भावाच्या घरी परतली. बॉस्टनला गेलेला अर्जही फेटाळला गेला.

पुढच्या वर्षी सफरचंदं उतरली तेव्हा लोइस भेटायला आली. गाडीतून उतरायच्या आधीच ओरडली, "केझी! जेवणाची सुट्टी पाऊण तास केली गं! पंधरा मिनिटं वाढली!"

"पंधराच?"

"पंधराच. कागद पुन्हा फिरतोय."

केझिया हसता हसता रडली.

मित्रहो, अन्याय नेहमी दुष्ट माणसांच्याच जोरावर चालतो असं नाही. तुमच्या-आमच्यासारखी प्रेमळ, कष्टाळू माणसं तो सोसण्याजोगा करून देतात, म्हणूनही तो चालतो. तेव्हा आपली हुशारी कुणाच्या कामी येते आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून बघावं.

त्या दुपारी दोघी जेवून बाबांच्या जुन्या टेबलाशी बसल्या. केझियाने सुरी घेतली. फीत मध्येच तुटली, तेव्हा तिने दुसरं सफरचंद घेतलं. घाई कुणालाच नव्हती.