पाठीवरचं बोट

तिने नवऱ्याच्या पाठीवर एक बोट टेकवलं आणि दाबून धरलं. 'पक्षी आला, हलू नका.'

पक्षी आला नव्हता. समोरच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी पिल्लासाठी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेऊन बसली होती, आणि तिला भरवणाऱ्या नराचा सकाळपासून पत्ता नव्हता. आला होता तो साप. हिरवागार, तिकोनी डोक्याचा. चावला तर या जंगलातून दवाखाना गाठेपर्यंत माणसाचं काही खरं नाही असा. पक्षी बघायला बांधलेल्या त्या लपणाच्या झावळ्यांतून तो खाली उतरला होता आणि झरोक्याच्या फळीवर, नवऱ्याच्या उघड्या मनगटापासून वीतभर अंतरावर येऊन थबकला होता.

ओरडावं, तर नवरा दचकून हात झटकणार आणि मग संपलंच सगळं. कुजबुजावं, तर 'काय गं?' म्हणून वळणार. बोटांच्या या खुणा त्यानेच ठरवलेल्या, लग्नानंतर पहिल्यांदा तिला इथे आणलं तेव्हा. एक बोट म्हणजे आला, दोन म्हणजे उडाला. सापाची खूण ठरवायचं मात्र या शहाण्याला कधी सुचलं नव्हतं.

त्यात परवापासून दोघांचा अबोला. मुलीने शहरात बोलावलं होतं, दोघांनाही. "पिल्लू बाहेर पडेपर्यंत मी इथून हलायचा नाही. तुला जायचं तर खुशाल जा," असं त्याने ताटावरून उठता उठता सुनावलं, आणि मग तिनेही रागारागाने एकटीचीच बॅग भरली. लपणात एरवीही बोलायचं नसतं, त्यामुळे भांडण इथे अगदी सुखाने नांदत होतं.

बोट टेकताच नवरा जागच्या जागी थिजला. नजर ढोलीकडे, श्वाससुद्धा बेताचा. सापाने डोकं उचललं, जीभ लवलवली, आणि तो सावकाश त्या मनगटावर चढला. हलू नका. अहो, जन्मात एकदा तरी माझं ऐका! बोट तिने इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. साप मनगट ओलांडून पलीकडे उतरला, फळीच्या टोकाशी जरा रेंगाळला आणि बाहेरच्या वेलीत दिसेनासा झाला.

बराच वेळ तिला बोट उचलताच येईना. मग तिने दोन बोटं टेकवली. 'उडाला.'

नवऱ्याने श्वास सोडला आणि तो वळला. अबोला विसरून, चक्क हसत.

"पाहिलास? काय ऐटीत बसला होता! चोचीत उंबर होतं ना?"

सापाचं सांगायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिने समोर पाहिलं. झाडावर साधं पानही हललं नव्हतं.

"तुम्ही... पाहिलात?"

"म्हणजे काय! एवढा मोठा पक्षी. मी काय आंधळा आहे?"

आणि मग तिला एकेक आठवत गेलं. गेले कित्येक दिवस तिचं बोट टेकल्याशिवाय हे पक्ष्याबद्दल काही बोललेच नव्हते. 'आज काय आणलंय त्याने?' असं तिलाच विचारायचे, आणि तिला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. शहराचं नाव काढलं की भडकायचे. जावई डोळ्यांचा डॉक्टर होता. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"पक्षी आलाच नव्हता," ती म्हणाली. "साप होता. तुमच्या मनगटावरून गेला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने मनगट अगदी नाकापाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं.

"मला वाटलं, वेल घासली," तो पुटपुटला.

"उद्या सकाळी बस आहे. तुमचे कपडे मी भरते."

तो ढोलीच्या दिशेने वळला. दिशा तेवढी बरोबर होती.

"अगं, पण मग इथे बघणार कोण?"

"आत्तापर्यंत कोण बघत होतं?"