ताणलेली वायर

थोरल्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी धाकटीने भिंतींवर उड्या मारायची ट्रायल्स सायकल घेतली. तिचा ढिला डिस्कब्रेक सायकलवाल्या मामांनी आपल्या जुन्या सवयीने घट्ट केला, म्हणजे नुसती वायर ताणली.

भाची खांद्याइतक्या उंच कठड्यावर ब्रेक दाबून मागच्या चाकावर उभी राहिली. पलीकडे रिकामा हौद होता. तेव्हा कुठे मामांना मागच्या चकतीजवळची, वायर ओढते ती ब्रेकची दांडी नीट दिसली. ताणलेल्या वायरने ती आधीच शेवटापर्यंत वळली होती. आणखी दाबायला जागाच उरली नव्हती. हाक मारावी तर पोरगी दचकायची.

"मामा, ब्रेक मुठीला टेकतोय," तीच वरून म्हणाली.

"पुढचं चाक खाली घे. सावकाश. आता माझ्या बाजूला उतर."

ती उतरली. "हौदात जाणार होते मी, आणि घाम तुम्हाला?"

वायर सैल करून मामांनी दांडी मागे घेतली आणि स्क्रू फिरवून दोन्ही पॅड चकतीजवळ आणले.

भाची आजही उड्या मारते. मामा वारले ते त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, आपल्या अंथरुणात.