पाचव्या टोपलीचा चढ

“कुणाला पटायचं न्हाई, आन् तुलाबी पटू नये. पर एका सायबाला मी नुसत्या चकतीनं गार केलाय. बोट न लावता!”

सोनबाने बशी खाली ठेवली आणि ऐकणारा नीट अडकला की नाही, ते चष्म्यावरून पाहून घेतलं. ऐकणारा जयसिंग. लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत नुकताच चिकटलेला, सुट्टी म्हणून चिखलीत खोली बघायला आला होता. चिमाबाईच्या टपरीवर चहाला टेकला आणि बाकावर पडलेली तांबडी चकती त्याने सहज उचलली. सोनबाला तेवढं निमित्त पुष्कळ होतं.

“ही काय जेवायची ताटली हाय का मामा?”

“ताटली! अरं, डिस्क गोल्फ म्हणत्यात त्याला. चकती फेकायची आन् लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीच्या वर साखळ्या टांगलेल्या. त्यांच्यावर आदळली की खळ्ळकन आत. ज्याला कमी फेकी लागल्या त्यो जिकला. एकेका टोपलीला होल म्हणत्यात, पर भोक कुठंच न्हाई.”

“आन् हे चिखलीत?”

“मग काय लंडनात? हितं, कावळ्याच्या टेकाडावर.” सोनबाने अंगठा मागे, रस्त्यापलीकडच्या निळ्या पत्र्याच्या कुंपणाकडे केला. स्वतः मात्र वळून पाहिलं नाही.

चिमाबाई पातेल्यातला चहा उगाच ढवळत राहिली.

सोनबाचा सारा जन्म त्या टेकाडाच्या सावलीत गेला होता. पोरवयात त्याच्या म्हशी तिथे चरल्या. पुढे कारखान्यात प्रेसवर उभं राहून कानांना दडे बसले, तेव्हा शिफ्ट सुटली की तो आधी टेकाडावर जाऊन बसायचा आणि कानातला दणदणाट विझला की मगच घरी यायचा. जमिनीच्या वाटण्या झाल्या, वाटण्या विकल्या गेल्या, टेकाड परक्याच्या नावावर चढलं. पण बसायला कोणी आडवं आलं नाही. अलीकडे त्याची नात सायली, कंपनीत डिझाइनला असलेली, मैत्रिणींना घेऊन हा खेळ तिथे खेळू लागली. टोपल्या सोनबानेच भंगारातल्या सायकलच्या रिमा जोडून वेल्ड केल्या. त्यातली पाचवी माथ्याच्या मागे, फेकणाऱ्याला दिसणारच नाही अशी. तिथे येईल त्याची चकती हरवायची. शेवटी सायलीने टेकाडाचा उंचीचा नकाशा काढून आणला.

नकाशा उघडला आणि सोनबा उखडला. रेघेत रेघ, तिच्या पोटात आणखी रेघ. त्याच्या घराण्यात कागदावरची रेघ म्हणजे बांध, आणि बांध म्हणजे भांडण.

“एवढे वाटेकरी कुठनं उगवले गं? ह्यातला आपला तुकडा कंचा?”

सायली हसून हसून खाली बसली. “आबा, हे बांध नाहीत. एक रेघ म्हणजे एक उंची. हिच्यावरून चालत गेलात तर ना चढ लागणार, ना उतार. रेघा दाटीने आल्या की चढ अंगावर येतो. लांब लांब असल्या की जमीन निवांत.”

सोनबाने बोट रेघेवरून फिरवलं. फिरवता फिरवता थांबला.

“आयला, म्हशी ह्याच रेघंनं चरायच्या की!”

“आणि पाचवीला बघा किती दाटी आहे. म्हणून तिथे जोर जास्त लावायचा, पण चकतीचं नाक, म्हणजे पुढची कड, वर करायचं नाही. वर केलं की ती हवेत उभी राहते आणि परत पायथ्याला.”

तोच नकाशा आता बाकावर पसरला होता. एका कोपऱ्यावर जयसिंगचा ग्लास, दुसऱ्यावर बिस्किटांची बरणी.

“मग बिल्डरचा माणूस आला,” सोनबा सांगत होता. “त्याच्याकडंबी नकाशा. पर त्यात टेकाडच न्हाई! सगळं सपाट. सपाट जागंवर मशीन घालायला कोण नको म्हणंल? एक सरकारी सायेब पाहणीला आला, त्यो टेकाडाच्या पायथ्याला उभा राहून म्हणतो, कागदावर सपाट हाय. मी म्हणलं, बरं. तुमचा कागद खरा धरू. मग सपाटावर टाकत्यात तशी सरळ टाका ही चकती, पाचव्या टोपलीला.”

“टाकली?”

“बाह्या सारून टाकली! गेली झूम, टेकाडाच्या छातीवर आदळली, आन् गडगडत येऊन सायबाच्या दोन पायांत उभी. पुन्हा टाकली, पुन्हा माघारी. तिसऱ्या बारीला तर सायबाच्या आधी गाडीत जाऊन बसली.”

“काय सांगायलाव मामा!” जयसिंगला ठसका लागला.

“ईचार हिला. चिमाबाई, बसली हुती का न्हाई?”

“मला गिऱ्हाईक असतंय,” चिमाबाई पातेल्याकडेच बघत म्हणाली.

“मी म्हणलं, सायेब, सपाट रानात चकती माघारी येती व्हय? सायबानं तिथंच बिल्डरच्या कागदाच्या चिंध्या केल्या. मशीन आल्या पावली परत. टेकाड जिथल्या तिथं!” सोनबाने मांडीवर थाप मारली. “आमच्या नादाला लागत्यात!”

जयसिंग हसता हसता नकाशावर वाकला. मघापासून ऐकून ऐकून त्याला रेघा आता कळू लागल्या होत्या.

“दोन रेघांत किती उंची, मामा?”

“एक माणूस.”

“मग रेघा मोजल्या तर हे चार मजली झालं की.”

“पाच म्हण!”

“आन् हा रस्ता. म्हणजे आपण हितं बसलोत.” जयसिंगचं बोट सरकत गेलं. “रेघा तर रस्त्यापासनंच दाटल्यात...”

त्याने मान वर केली. ग्लास उचलून उभा राहिला. समोर निळा पत्रा, दीड माणूस उंच. पत्र्याच्या वर दुपारचं आभाळ, थेट खालपर्यंत मोकळं.

“मामा,” तो मोठ्याने म्हणाला, “पाच मजली टेकाड, आन् पत्र्याच्या वर शेंडाबी दिसंना? खोटं सांगायलाव तुम्ही. टेकाड हायच न्हाई तिथं!”

चिमाबाईचा डाव पातेल्यात थांबला.

ग्लास उचलल्यामुळे नकाशाचा कोपरा गुंडाळत चालला होता. सोनबाने तो तळव्याखाली धरला. वळून त्याने आत्ताही पाहिलं नाही.

“टेकाड हुतं तवा त्यांनी कागदावर सपाट लिव्हलं,” तो म्हणाला. “तवा न्हाई कुणी मोठ्यानं म्हणालं, खोटं हाय म्हणून. आता माझ्या कागदावर टेकाड हाय. ते राहील.”

चिमाबाईने कोपऱ्यावर ठेवायला दुसरा ग्लास आणला. भरलेला.